कागदी घोड्यांचे वजन

(द्वितीय वर्ष, कला)

'कागद वाचवा, झाडे वाचवा' ही घोषणा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती वाचताना आपली पापणीही लवत नाही. शाळेच्या भिंतीवर ती आहे, बँकेच्या फलकावर आहे, यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पावतीच्या तळाशीही आहे. म्हणजे कागद वाचवा हे सांगायलासुद्धा कागदच खर्ची पडतो! घोषणेला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. परंतु ती कुणाला उद्देशून आहे, वाचवायचा तो कागद कोणता, आणि तो वाचवला तर नेमके किती वाचते, हे तीन प्रश्न आपण कधी विचारीत नाही. ते विचारावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्र आणि माझी ओळख दहावीपुरतीच. पण हा हिशेब मांडायला एक तराजू, त्रैराशिक आणि थोडी चिकाटी एवढे भांडवल पुरते, असा माझा अनुभव आहे.

आज जगभर 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द फार चालतो. आपण त्याला 'कार्बनचा ठसा' म्हणू. एखादी वस्तू तयार होते तिथपासून ती टाकून दिली जाते तिथपर्यंत, तिच्यापायी हवेत जेवढा उष्णता धरून ठेवणारा वायू सुटतो, तेवढा तिचा ठसा. कार्बन डायऑक्साइड हा त्यातला मुख्य वायू. ओला कागद कचऱ्याच्या ढिगात हवेवाचून कुजला की मिथेनही निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वजनास वजन सुमारे २८ पट अधिक तापदायक ठरतो. असे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात बसवून एकच आकडा किलोत सांगण्याची रीत आहे.

कागदाच्या बाबतीत हा वायू कुठून येतो? घोषणा वाचून वाटते की झाड तोडले, तेथेच पाप घडले. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. लाकडाचे किंवा बांबूचे तुकडे कॉस्टिक सोड्यासारख्या क्षारांत दाबाखाली शिजवतात. त्यातला साधारण निम्मा भाग लगदा म्हणून हाती येतो, उरलेला काळ्या द्रवात जातो. तो द्रव आटवून जाळतात आणि कारखाना आपली काही ऊर्जा त्यातूनच मिळवतो. पुढे हा लगदा पातळ करून धावत्या जाळीवर सोडतात तेव्हा त्याच्या शंभर भागांत नव्याण्णव भाग निव्वळ पाणी असते. ते पाणी काढायचे म्हणजे आधी निथळायचे, मग दाबायचे आणि शेवटी वाफेने तापलेल्या मोठमोठ्या लोखंडी रुळांवरून कागद फिरवून वाळवायचे. ही वाफ बॉयलरमधून येते आणि आपल्या देशात तो बॉयलर बहुतेक ठिकाणी कोळशावर चालतो. तेव्हा आपल्या वहीच्या पांढऱ्याशुभ्र पानाच्या पोटात झाडाइतकाच, किंबहुना झाडापेक्षाही अधिक, कोळसा दडलेला आहे. वाळत घातलेले धुणे ऊन फुकट वाळवते. कागदाचे धुणे मात्र कोळसा जाळून वाळवावे लागते.

झाडाचीही गोष्ट तितकीशी सरळ नाही. भारतात तयार होणाऱ्या कागदापैकी दहातला सात भागांहून अधिक कागद रद्दीपासून होतो. उरलेल्यासाठी शेतकऱ्यांनी बांधावर व पडीक जमिनीवर लावलेले सुबाभूळ, निलगिरी, सरू यांचे लाकूड, बांबू, उसाची चिपाडे आणि गव्हा-भाताचा पेंढा वापरतात. कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यावा, जंगलावर डोळा ठेवू नये, असे १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणानेच सांगितले. म्हणून अमुक इतका कागद म्हणजे अमुक इतकी झाडे, हे भिंतीवरचे समीकरण आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही.

याचा अर्थ जंगलाला झळ लागली नाही असा मात्र कुणी घेऊ नये. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरचा कागद कारखाना ज्या कंपनीचा, तिची स्थापना १९४५ ची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातला बांबू वर्षानुवर्षे कागदासाठी गेला आणि त्याच रानात राहणाऱ्या माणसाला मात्र स्वतःच्या हाताने बांबू तोडून विकण्याची मुभा नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार त्या ग्रामसभेच्या हाती आला. कागदाचा हिशेब करताना हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, किलोमध्ये मोजता येतो तेवढाच भार कागदावर नसतो. ते पान कुणाच्या रानातून आले आणि त्या रानाच्या धन्याला काय मिळाले, हा आकडा कुठल्याच तराजूवर उमटत नाही.

असो. आता प्रत्यक्ष मोजणीकडे वळू. आपण रोज हाताळतो तो ए-फोर आकाराचा ताव घ्या. या मापाची गंमत अशी की ए-झीरो हा ताव बरोबर एक चौरस मीटरचा असतो आणि ए-फोर हा त्याचा सोळावा हिस्सा. रिमच्या वेष्टणावर ७० जीएसएम असे छापलेले असते, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन ७० ग्रॅम. सत्तराला सोळाने भागा. एक ताव सुमारे ४.४ ग्रॅम भरतो आणि पाचशे तावांचे रिम जवळजवळ २.२ किलो. आमचे आजोबा कागद दस्त्याने मोजीत, चोवीस तावांचा एक दस्ता. त्या मापाने एक दस्ता शंभर ग्रॅमच्या थोडा वर जातो.

मग एक किलो कागदामागे कार्बन डायऑक्साइड किती? याला एकच उत्तर नाही. कारखाना आपल्याच काळ्या द्रवावर आणि लाकडाच्या सालपटांवर चालत असेल तर हा आकडा एक किलोच्या आसपास राहतो. कोळशावर चालणारा जुना कारखाना असेल तर तो तीन किलोंपर्यंत चढतो. मी मधला, म्हणजे दोन किलोंचा आकडा धरला आहे. तो बदलला तर पुढची सगळी उत्तरे त्या प्रमाणात बदलतील, पण कोणता कागद किती जड आणि कोणता हलका हा क्रम काही बदलणार नाही. शितावरून भाताची परीक्षा करताना प्रत्येक शीत मोजायचे नसते.

गेल्या वर्षभरात माझ्या नावावर खर्ची पडलेला कागद मी आमच्या गावच्या किराणा दुकानातल्या तराजूवर तोलला. दुकानदार काकांना आधी वाटले, मी रद्दी विकायला आणली. आठ लाँगबुक वह्या, प्रत्येकी ४०० ग्रॅम, मिळून ३.२ किलो. सहा पाठ्यपुस्तके, १.८ किलो, त्यातली चार वरच्या वर्गातील ताईंकडून अर्ध्या किमतीत घेतलेली, तरी ती पूर्ण धरली. दोन सत्रांतल्या बारा परीक्षांच्या उत्तरपत्रिका तोलायला मिळणे शक्य नव्हते, म्हणून पानांच्या संख्येवरून अंदाज केला, १.१ किलो. स्वाध्याय आणि प्रकल्प यांचे टंकलिखित ताव १८०, म्हणजे ०.८ किलो. आणि निरनिराळ्या अर्जांना जोडलेल्या झेरॉक्स प्रती २१०, म्हणजे ०.९ किलो. एकूण ७.८ किलो. दोनने गुणले की सुमारे १६ किलो कार्बन डायऑक्साइड.

१६ किलो म्हणजे किती, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो वायू सुटतो. तेव्हा माझे वर्षभराचे सारे शिक्षण सात लिटर पेट्रोलच्या बरोबरीचे झाले. लिटरला पन्नास किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलवरून साडेतीनशे किलोमीटरची रपेट! घरच्या गॅसची १४.२ किलोची टाकी पूर्ण जळली की सुमारे ४२ किलो वायू निघतो, म्हणजे माझा वर्षाचा कागद अर्ध्या टाकीलाही पुरा पडत नाही. भारतात दर माणशी वर्षाकाठी साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड सुटतो असे धरतात. त्यात माझ्या वह्या-पुस्तकांचा वाटा शंभरात एकसुद्धा नाही.

एवढा क्षुल्लक आकडा असेल तर हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. माझे म्हणणे नेमके तेथूनच सुरू होते. एकूण आकडा लहान आहे म्हणून 'वही जपून वापर' असा उपदेश विद्यार्थ्याला करण्यात फारसा अर्थ नाही. पण त्या आकड्याच्या पोटात शिरून पाहिले तर दोन जातींचे कागद दिसतात. एक वाचला जाणारा कागद आणि दुसरा फाइलला लागणारा कागद. कार्बनचे गणित या दोघांना एकाच तराजूत घालते. आपण घालू नये.

कागदाचे वजन तो किती जणांनी वाचला यावर विभागून पाहा. आमच्या गावच्या त्या किराणा दुकानात एक वर्तमानपत्र येते. एका अंकाचे वजन शंभर ग्रॅम धरले तर वर्षाचे झाले ३६ किलो, आणि ठसा ७२ किलोंचा. माझ्या सगळ्या वह्या-पुस्तकांहून कितीतरी भारी. पण सकाळपासून दुपारपर्यंत तीस माणसे ते चाळतात. वाट्याला आले प्रत्येकी २.४ किलो, तेही वर्षभराच्या जगाच्या बातम्यांसाठी. आपल्या ग्रंथालयातील ४०० ग्रॅमचे एखादे पुस्तक घ्या. त्याचा ठसा ८०० ग्रॅमचा. त्या पुस्तकावर तारखांचे ऐंशी शिक्के असतील तर वाचकागणिक दहा ग्रॅम पडले, एका तावाइतके! ग्रंथालय ही जगातील सर्वांत किफायतशीर गिरणी आहे असे म्हटले तर वावगे ठरू नये. तिच्यात एकदा घातलेला कोळसा पुन्हा पुन्हा उजेड देतो.

आता फाइलला लागणाऱ्या कागदाचा वाचकागणिक वाटा काढू. माझ्या २१० झेरॉक्स प्रती कुणी वाचल्या? देताना खिडकीवर कुणीतरी त्या मोजल्या, टाचणी टोचली, गठ्ठा बांधला. वाचणारा एकही नाही. आणि शून्याने भागाकार होत नाही, हे आपण शाळेतच शिकलो आहोत.

हे २१० ताव कसे झाले, तेही सांगते. चौदा तावांचा एक संच असतो. त्यात उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, शिधापत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि अर्जाची छापील पाने येतात. प्रवेशासाठी तीन संच. शिष्यवृत्तीसाठी तीन. 'उत्पन्नाचा दाखला नव्या वर्षाचा हवा' म्हणून शिष्यवृत्तीसाठीच पुन्हा तीन. वसतिगृहासाठी दोन, दोन सत्रांच्या परीक्षा अर्जांना मिळून दोन, प्रवास सवलतीसाठी दोन. पंधरा संच, चौदा ताव, गुणाकार करून पाहा. शिष्यवृत्तीचे संच दुसऱ्यांदा दिले तेव्हा बदललेला ताव एकच होता. बाकीचे तेरा ताव जसेच्या तसे, तीन वेळा. यातली गंमत अशी की अर्ज आता संगणकावर भरायचा असतो. पूर्वी एक अर्ज कागदावर असे. आता तो संगणकावरही असतो आणि कागदावरही.

माझ्या वर्गातल्या ज्या मैत्रिणीने पूर्ण फी भरली, तिने वर्षभरात पाचच संच दिले. माझे पंधरा. तिच्याविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. पण यातून एक सत्य निघते, ते कडू आहे. आपल्या व्यवस्थेत श्रीमंती सिद्ध करावी लागत नाही, गरिबी मात्र तीन प्रतींत सिद्ध करावी लागते. दोन रुपयांना एक याप्रमाणे २१० प्रतींचे ४२० रुपये होतात. आमच्याकडे खुरपणीला गेलेल्या बाईची ती जवळजवळ दीड दिवसाची मजुरी. माझी आई ती बाई आहे. तेव्हा या कागदात कोळसा आहे, बांबू आहे, आणि उन्हात वाकलेली एक पाठही आहे. एवढे सगळे खर्ची घालून जे कागदी घोडे नाचवले जातात, त्यांचे वजन कधीतरी करायला नको का?

कार्यालयातील लिपिकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्याकडेही वरून कुणीतरी गठ्ठे मागणारे आहेच. पण सुधारणा अशक्य आहे असेही नाही. साधारण २०१४ पासून सरकारने राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाऐवजी स्वतःच्या सहीचे स्वसाक्षांकन पुढे आणले. साहेबांच्या दाराशी ताटकळणे संपले, ही मोठीच सोय झाली. मात्र साहेबांची सही गेली, झेरॉक्स राहिली. २०१५ पासून 'डिजिलॉकर' आहे आणि त्यातून दिलेले दाखले मूळ दाखल्याच्या बरोबरीचे मानावेत असा नियमही आहे. तरीही खिडकीवर ऐकू येते ते एकच वाक्य, 'त्याची प्रिंट काढून आणा.' दोष यंत्रात नाही, सवयीत आहे. आणि सवयीच्या मुळाशी अविश्वास आहे.

दुसरा गट प्रकल्पांचा. येथे मान्य गुरुजनांची क्षमा मागून लिहिते. गेल्या वर्षी आम्ही सर्वांनी पर्यावरण या विषयाचा प्रकल्प सादर केला. चाळीस ताव, छपाई एकाच बाजूला, अक्षर मोठे, समास रुंद, वर प्लॅस्टिकचे पारदर्शक वेष्टण, कडेला प्लॅस्टिकचीच गोल शिवण, आणि प्रती दोन. वसुंधरा वाचवण्याचे उपाय सांगणाऱ्या त्या पोथीची पाठ चाळीस पानांत चाळीस वेळा कोरी होती! त्यातला किती मजकूर विद्यार्थ्याच्या डोक्यातून आला आणि किती भ्रमणध्वनीतून, हे आपण सारेच जाणतो. हाताने लिहिलेली, दोन्ही बाजूंची दहा पाने मागितली असती तर कागद वाचला असता, आणि कदाचित विचारही झाला असता.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे 'मग सगळेच मोबाइलवर करा.' हे उत्तर जितके आधुनिक वाटते तितके खरे नाही. एक स्मार्टफोन तयार होतानाच साधारण ५० ते ८० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे माझ्या तीन ते पाच वर्षांच्या सगळ्या कागदाइतका. फोनची इतरही पुष्कळ कामे असतात, म्हणून सारा भार अभ्यासाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. फोन हाताशी असेल तर दाखला त्यावरून पाठवणे केव्हाही हलके. पण फोन आहे म्हणून वही नको, हा तर्क लंगडा आहे. आमच्या घरात फोन एक आणि माणसे चार. वडील कामावर गेले की फोनही कामावर जातो. वही मात्र माझी असते. तिला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही. कागद विरुद्ध पडदा हे भांडणच खोटे आहे. खरा सामना गरजेचा आणि बिनगरजेचा.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. भारतात दर माणशी वर्षाला सुमारे पंधरा किलो कागद खपतो, त्यात खोकी आणि वेष्टणेही आली. जगाची सरासरी पन्नास किलोंच्या वर आहे. ज्या देशात अजून कित्येक घरांत पहिले पुस्तक यायचे आहे, त्या देशात कागद कमी करा ही सरसकट आज्ञा कुणाला लागू करायची? माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेली नाही. आमच्याकडे कागद म्हणजे पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी घालून ठेवलेली वस्तू. सातबारा, शिधापत्रिका, दाखले. सारे कागद दुसऱ्याने लिहिलेले, आम्ही फक्त जपायचे. आमच्या घरात स्वतः लिहिलेला पहिला कागद म्हणजे माझी वही. वर्ष संपले की तिच्यातली कोरी पाने आई सोडवते, दाभणाने शिवते, आणि धाकट्या बहिणीची गणिताची वही तयार होते. लिहिलेली पाने फडताळात डब्यांखाली जातात आणि तेथून रद्दीत. 'कागद वाचवा' हे अशा घराला भिंतीवरून सांगण्याची आवश्यकता नाही. उलट अशा घरांकडून ते शिकता येईल.

रद्दीचीही बूज राखली पाहिजे. कोरडी, स्वच्छ रद्दी कारखान्यात गेली तर तिचा तंतू साधारण पाच ते सात वेळा पुन्हा कागद होऊ शकतो. प्रत्येक फेरीत तो आखूड होत जातो. तीच रद्दी ओल्या कचऱ्यात मिसळली की कामातून गेली, वर मिथेनची भर. ती वेळीच वेगळी काढणारी माणसे म्हणजे कचरावेचक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. पुण्यात १९९३ साली त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. हवामानाच्या परिषदांची छायाचित्रे आपण पाहतो, पण पाठीवर पोते घेऊन रोज कागद गिरणीच्या वाटेला लावणाऱ्या या बायांच्या कामाची गणना कुठल्या अहवालात ठळकपणे होते?

मित्रहो, नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. म्हणून चार साध्या सूचना मांडते. पहिली, स्वाध्याय आणि प्रकल्प तावाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेले स्वीकारावेत, आणि प्लॅस्टिकचे वेष्टण बंद करावे. दुसरी, प्रत्येक विद्यार्थ्याच्या कागदपत्रांचा एकच संच वर्षारंभी कार्यालयात घ्यावा, महाविद्यालयातील सर्व खिडक्यांनी तोच पाहावा. बदललेला दाखला असेल तर तेवढा एकच ताव मागावा. बाहेरच्या कार्यालयांसाठी लागतील ते संच निराळे. तिसरी, प्रयोगपत्रिका, सूचनापत्रे यांच्या कोऱ्या पाठी एकत्र शिवून कच्च्या लेखनासाठी वह्या कराव्यात. हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना एका दुपारचे आहे. चौथी, वर्षअखेरीस वर्गावर्गांतून कोरडी रद्दी गोळा करून ती कचरावेचकांच्या हाती द्यावी.

याने काय साधेल? माझ्यापुरते बोलायचे तर १८० तावांचे नव्वद होतील आणि पंधरा संचांचे चार. सुमारे २४५ ताव, म्हणजे एक किलोच्या थोडा वर कागद वाचेल. ७.८ किलोंतला सातवा हिस्सा. आणि यात माझ्या वहीची एक ओळही कमी होणार नाही. सहाशे विद्यार्थ्यांचे केवळ झेरॉक्सचे २१० ताव धरले तरी ते ५४० किलो होतात, आणि त्यांचा ठसा एक टनाच्या वर जातो. थेंबे थेंबे तळे साचते, तसा धूरही साचतोच.

शेवटी एक गोष्ट. आपला हा वार्षिक अंकही कागदावरच छापलेला आहे. गेल्या वर्षीचा अंक मी तोलला, तो ३५० ग्रॅम भरला. त्याचा ठसा ७०० ग्रॅमचा. एकट्याने वाचला तर तो सारा आपल्या माथी. पाच जणांनी वाचला तर प्रत्येकी १४० ग्रॅम. आणि सहीनिशी घेऊन न उघडताच माळ्यावर टाकला, तर पुन्हा तोच शून्याचा भागाकार. तेव्हा स्वतःचे छायाचित्र कोठे छापले आहे एवढेच पाहून अंक मिटू नका. वाचा, घरी न्या, शेजारी द्या. माझ्या घरी धाकटी तो मोठ्याने वाचील, आई भाकऱ्या थापता थापता ऐकेल, आणि वडील फोन बाजूला ठेवून मध्येच एखादा प्रश्न विचारतील. माझ्या प्रतीचे चार वाटेकरी तर आत्ताच ठरले आहेत.